सरळ रेषेचें कोडें

विजेची इस्त्री तापते याचें कारण तिच्या तारेंतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना वाटेंत अडथळा होतो हें होय. या अडथळ्यास रोध म्हणतात. इस्त्रींत तो हवाच असतो. परंतु वीजघरापासून शहरापर्यंत ओढलेल्या तारांतहि तो असतोच, आणि तेथें तो विजेचा कांहीं अंश निव्वळ उष्णतेच्या रूपानें खाऊन टाकतो. रोध मुळींच नसलेला पदार्थ मिळाला तर काय बहार होईल, असा विचार कोणाच्याहि मनांत येणें साहजिक आहे. तसे पदार्थ आहेत. त्यांस अतिवाहक म्हणतात, आणि त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. अतिवाहक जेव्हां पुरेसे थंड झालेले नसतात, म्हणजे अतिवाहक बनलेले नसतात, तेव्हां त्यांच्या पोटांतील इलेक्ट्रॉन काय करतात, हा तो विषय. नाटक सुरू होण्यापूर्वीं पडद्याकडेच पाहत बसावें तसें हें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु जवळजवळ चार दशकें पदार्थविज्ञानांतील मोठमोठे पंडित अडून बसले आहेत ते नेमके या पडद्यापाशींच.

प्रथम थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. हॉलंडमधील लेडन येथें कामरलिंग ऑनेस यांनीं १९०८ सालीं हेलियम वायूचा द्रव केला, आणि निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळचें उष्णतामान प्रथमच माणसाच्या हातीं आलें. निरपेक्ष शून्य म्हणजे शतमान मापावर शून्याखालीं २७३ अंश. येथून पुढें सर्व अंश याच शून्यापासून मोजलेले समजावे, म्हणजे घोटाळा होणार नाहीं. या मापानें आपल्या खोलींतील उष्णतामान सुमारें ३०० अंश भरतें. १९११ सालीं ऑनेस यांच्या प्रयोगशाळेंत पारा थंड करीत असतां सुमारें ४.२ अंशांवर त्याचा रोध एकाएकीं नाहींसा झाला. याची उपपत्ति मिळण्यास ४६ वर्षें लागलीं. १९५७ सालीं बार्डीन, कूपर व श्रीफर या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, परमाणूंच्या जाळ्याच्या कंपनांच्या मध्यस्थीनें इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि या जोड्या एका तालांत चालूं लागल्या म्हणजे त्यांना अडविणारें कोणी उरत नाहीं.

हें सारें अति थंडींतच घडे. १९७३ पर्यंत मजल २३ अंशांवर गेली आणि तेथेंच थबकली. पुढें १९८६ सालीं झुरिकजवळच्या एका प्रयोगशाळेंत बेडनॉर्झ व म्यूलर यांना लँथॅनम, बेरियम, तांबें आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांत ३० अंशांच्या आसपास अतिवाहकता सुरू होत असल्याचें दिसलें. त्यांनीं आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच ‘संभाव्य’ हा शब्द घातला होता. इतकी ती गोष्ट त्यांची त्यांनाच विलक्षण वाटली. लगेच १९८७ च्या आरंभीं अमेरिकेंत चू, वू व त्यांचे सहकारी यांनीं इट्रियम घातलेल्या संयुगांत ९३ अंश गांठले. द्रव नायट्रोजन ७७ अंशांवर उकळतो आणि तो स्वस्त असतो, यावरून या बातमीचें मोल ध्यानांत येईल. त्याच वर्षींच्या १८ मार्च रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत भरलेली पदार्थवैज्ञानिकांची सभा पहांटेपर्यंत चालली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं बेडनॉर्झ व म्यूलर यांस नोबेल पारितोषिक मिळालेंहि.

या पदार्थांस क्युप्रेट म्हणतात. तांब्याचें लॅटिन नांव क्युप्रम्, त्यावरून हा शब्द आला. तांबें व ऑक्सिजन यांचे एक-एक परमाणु जाडीचे सपाट थर आणि मधून मधून इतर परमाणूंचे थर, अशी त्यांची रचना असते. दिसण्यांत ते काळसर आणि भाजलेल्या खापरीसारखे ठिसूळ. खोलीच्या उष्णतामानांत त्यांतील उत्तमांत उत्तम नमुन्याचा रोधहि तांब्याच्या शंभर पटींहून अधिक असतो. तांब्याचें, रुप्याचें, सोन्याचें उलट आहे. या उत्तम वाहकांत अतिवाहकता कधींच आढळलेली नाहीं. जो रोजच्या व्यवहारांत आडमुठा, तोच थंडींत एकदम सर्वांत मोकळा होतो, ही गंमतीची विसंगति येथें आहे; आणि ती गंमतीवारी सोडून देण्यासारखी नाहीं.

सर्वांचे डोळे ९३ अंशांच्या खालीं लागले असतां कांहीं मंडळींनीं काट्याच्या वरच्या बाजूस पाहिलें. त्यांत गुरव्हिच आणि फायोरी या दोघांचें १९८७ सालचें मोजमाप प्रसिद्ध आहे. त्यांनीं क्युप्रेटांचा रोध उष्णतामानानुसार कसा वाढतो याचा आलेख काढला. तो आलेख सरळ रेषा निघाला. लँथॅनमच्या क्युप्रेटांत तर ती रेषा हजार अंशांच्याहि पलीकडे गेली, तरी वांकली नाहीं.

सरळ रेषेंत नवल काय, असें श्रोत्यांस वाटेल. तेव्हां साध्या धातूंत काय घडतें तें पाहूं. तांब्यांतील इलेक्ट्रॉन दोन कारणांनीं अडखळतात. एक, जाळ्याचे परमाणु उष्णतेनें थरथरत असतात, त्यांचा धक्का बसतो. ही थरथर उष्णतामानाच्या प्रमाणांत वाढते, म्हणून नेहमींच्या उष्णतामानांत तांब्याचाहि रोध सरळ रेषेंतच वाढतो. परंतु थंडी वाढली कीं थरथर जवळजवळ गोठते आणि रोध फार वेगानें घटतो. आलेख खालच्या टोकाशीं वांकतो. दुसरें कारण, इलेक्ट्रॉन एकमेकांवर आपटतात. रशियन पंडित लांडाउ यांनीं १९५६ च्या सुमारास मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें हा रोध उष्णतामानाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. अंश दुप्पट झाले तर तो चौपट होतो. हीहि सरळ रेषा नव्हे. म्हणजे थंडींत धातूचा आलेख कोणत्याहि कारणानें वांकलाच पाहिजे.

१९९० सालीं बिस्मथ असलेल्या एका क्युप्रेटाचे स्फटिक अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तपासण्यांत आले. हा पदार्थ अतिवाहक होतो तो जेमतेम दहा अंशांच्या खालीं. त्यामुळें त्याची त्याआधींची अवस्था फार खोलवर पाहतां येते. रेषा सुमारें १० अंशांपासून ७०० अंशांपर्यंत सरळच होती. दहा अंशांवर परमाणूंची थरथर गोठलेली असते. मग इलेक्ट्रॉनांना इतक्या नियमितपणें कोण अडवीत होतें?

रेषेच्या वरच्या टोकाचें कोडें याहून बिकट आहे. इलेक्ट्रॉन एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत जें अंतर चालतो तें तांब्यांत, आपल्या खोलीच्या उष्णतामानावर, शंभराहून अधिक परमाणूंएवढें असतें. उष्णता वाढली कीं हें अंतर कमी होतें. पण तें दोन शेजारी परमाणूंमधील अंतराहून कमी कसें होईल? पाऊल टाकण्यापूर्वींच ठेंच लागली असें म्हणण्यासारखें तें होईल. म्हणून त्या मर्यादेशीं रोधाची वाढ थांबावी अशी अपेक्षा असते, आणि नायोबियम व कथिल यांच्या संयुगांत ती खरोखरच मंदावते. क्युप्रेटांत ती मंदावत नाहीं. रेषा ती मर्यादा ओलांडून निघून जाते, जणूं काय अशी मर्यादा आहे हें तिच्या गांवींहि नाहीं. याचा सरळ अर्थ असा कीं, इलेक्ट्रॉन नांवाचा एक कण धांवतो, आपटतो, पुन्हां धांवतो, हें विद्युत्प्रवाहाचें शाळेंत शिकविलें जाणारें चित्रच येथें लागू पडत नसावें. ‘सामान्य अवस्था’ असें जिला शास्त्रज्ञ म्हणत आले, तिला पुढें त्यांनींच ‘विचित्र धातु’ असें नांव दिलें.

मग प्रवाह वाहतो तरी कशाचा? याचें उत्तर शोधण्यासाठीं या पदार्थांच्या मूळ स्वरूपाकडे गेलें पाहिजे, आणि तें समजण्यास एखाद्या लग्नांतील पंगतीचा दाखला उपयोगी पडेल. पाट आडवे-उभे ओळींत मांडले आहेत आणि प्रत्येक पाटावर एकेक माणूस बसला आहे. एका पाटावर दोघांनीं बसावें तर इतकी दाटी होते कीं कोणासच तें सोसत नाहीं. उठून दुसरीकडे जाण्याची सर्वांना मुभा आहे. पण जाणार कोठें? शेजारचा प्रत्येक पाट भरलेला. पंगत गच्च बसून राहते. शुद्ध लँथॅनम क्युप्रेटांत पाट म्हणजे तांब्याचे परमाणु आणि प्रत्येकावर असा एकेक इलेक्ट्रॉन. जुन्या गणितांत इलेक्ट्रॉन एकमेकांस जुमानीत नाहींत असें धरलेलें असतें. त्याप्रमाणें एका पाटावर दोघांची सोय आहे, म्हणजे अर्धी जागा मोकळी आहे, आणि हा पदार्थ चांगला धातु ठरावयास हवा. प्रत्यक्षांत तो विजेस मुळींच वाट देत नाहीं. अशा पदार्थांस इंग्रज शास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या नांवावरून मॉट-रोधक म्हणतात. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबक असतो, आणि या पंगतींत शेजारी-शेजारी बसलेल्यांचीं चुंबकीय तोंडें परस्परांविरुद्ध असतात.

आतां लँथॅनमच्या कांहीं परमाणूंच्या जागीं स्ट्रॉन्शियम घातला तर पंगतींतून तितकीं माणसें उठून जातात, कारण स्ट्रॉन्शियम एक इलेक्ट्रॉन कमी देतो. शंभर पाटांमागें पांचेक रिकामे झाले कीं अतिवाहकता दिसूं लागते. सोळाच्या सुमारास ती शिगेस पोंचते, म्हणजे या पदार्थांत सुमारें ३८ अंशांपर्यंत टिकते. सत्तावीसच्या पुढें ती मावळते आणि पदार्थ हळूहळू साध्या धातूसारखा वागूं लागतो. सरळ रेषा सर्वांत स्पष्ट दिसते ती सोळा ते वीस-बावीसच्या टापूंत. जेथें अतिवाहकता सर्वांत बळकट, तेथेंच सामान्य अवस्था सर्वांत विचित्र.

कमी रिकाम्या पाटांच्या बाजूस आणखी एक चमत्कार आहे. १९८९ सालीं पॅरिसजवळच्या ऑर्से येथें आलूल व त्यांचे सहकारी इट्रियमच्या परमाणुकेंद्रांचा चुंबकीय प्रतिसाद मोजीत होते. अतिवाहकतेच्या किती तरी वर, तीनशे अंशांपासूनच, थंडीबरोबर हा प्रतिसाद ओसरूं लागल्याचें त्यांस आढळलें. जणूं कांहीं इलेक्ट्रॉन आधींच खेळांतून बाहेर पडत होते. पुढें १९९६ सालीं प्रकाशाच्या माऱ्यानें इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची दिशा व शक्ति मोजण्याच्या पद्धतीनें या गोष्टीस दुजोरा मिळाला. धातूंतील इलेक्ट्रॉनांचा एक समुद्र मानला तर त्यास अखंड किनारा असतो. येथें कांहीं दिशांना किनारा स्पष्ट दिसे आणि कांहीं दिशांना तो धुक्यांत गेल्यासारखा नाहींसा होई; १९९८ मध्यें तर केवळ तुटक कमानी उरल्याचें दाखविण्यांत आलें. तुटका किनारा असलेला समुद्र कसा असतो, हें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत लिहिलेलें नव्हतें.

प्रयोगकर्त्यांनीं मग बळाचा मार्ग धरला. थंडींत अतिवाहकता मध्यें येते आणि सामान्य अवस्था झांकून टाकते. तेव्हां प्रचंड चुंबकानें अतिवाहकताच मोडून काढावी आणि खालीं काय आहे तें पाहावें. १९९५-९६ च्या सुमारास बोबिंजर, आंडो आदि मंडळींनीं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दहा लाख पट शक्तीचें क्षेत्र क्षणभरच टिकवून हें केलें. तेव्हां दिसलें कीं, रिकामे पाट कमी असतां अवगुंठनाखालचा पदार्थ थंडींत धातूसारखा राहतच नाहीं, त्याचा रोध उलट वाढूं लागतो. फ्रान्समधील तूलूज येथें याहून मोठीं क्षेत्रें वापरून २०१६ सालीं इट्रियम क्युप्रेटांतील विद्युद्वाहकांची मोजदाद प्रसिद्ध झाली. पंगतीच्या भाषेंत तिचा निष्कर्ष असा. शंभरांपैकीं सोळा पाट रिकामे असतां वाहक सोळाच भरले, म्हणजे केवळ रिकाम्या पाटांची गणना झाली. वीस-एकवीस रिकामे होतांच वाहकांची संख्या एकदम एकशेवीसच्या घरांत गेली. ही संख्या आली कोठून? प्रत्येक पाटावर दोघांची जागा धरली तर शंभर पाटांवर दोनशें जागा होतात. ऐंशी माणसें बसलीं तर एकशेवीस मोकळ्या. तें जुनें, दाटीची पर्वा न करणारें गणित येथें पुन्हां खरें ठरलें! चार-पांच पाटांच्या फरकानें सारी पंगत एका नियमांतून दुसऱ्या नियमांत गेली. इतर क्युप्रेटांत हा बदल इतका तडकाफडकीं होत नाहीं, असें २०२१ सालीं आढळून आलें, ही गोष्टहि सांगितली पाहिजे. नाहीं तर चित्र फाजील सुबक होईल.

उपपत्तींची वाण कधींच नव्हती. प्रिन्स्टनचे फिलिप अँडरसन यांनीं १९८७ च्या जानेवारींत बंगलोर येथील परिषदेंत आपली कल्पना मांडली: पंगतींतील विरुद्ध तोंडांच्या शेजाऱ्यांच्या जोड्या आधींच जमलेल्या असतात, त्या फक्त अडकून पडलेल्या असतात, पाट रिकामे झाले कीं त्याच जोड्या वाहूं लागतात. त्यांच्याबरोबर या विचारावर काम करणाऱ्यांत जी. बास्करन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. भारतांत जन्मलेले चंद्र वर्मा यांनीं १९८९ सालीं चार सहकाऱ्यांसह निराळी वाट धरली: लांडाउ यांची उपपत्ति येथें नेमकी कांठावर येऊन मोडते असें मानलें तर सरळ रेषा आपोआप निघते, असें त्यांनीं दाखविलें, मात्र ती कांठावर कां येते हा वाद राहिला. पुढें लेडनचेच यान झानेन यांनीं २००४ सालीं एका साध्या हिशेबाकडे लक्ष वेधलें. प्लांक यांचा स्थिरांक आणि उष्णतामान यांवरून एक काळ निघतो. खोलीच्या उष्णतामानास सेकंदाचे एक कोटी भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुन्हां एक कोटी करावे, त्यांतले अडीच घ्यावे, एवढा तो काळ. याहून लवकर कोणतीहि हालचाल विस्कटून उष्णतेंत जाऊं शकत नसावी, असें त्यांचें म्हणणें. आणि क्युप्रेटांतील इलेक्ट्रॉन जवळजवळ याच वेगानें विस्कटतात. रेषेचा उतार यावरून जुळतो. २०१९ सालीं वेगवेगळ्या क्युप्रेटांवर तसें पडताळूनहि पाहण्यांत आलें. परंतु हिशेब जुळला म्हणजे कारण कळलें असें होत नाहीं. आणि या विषयांत हिशेब जुळल्याच्या आनंदांत कारण सांपडल्याची दवंडी अनेकदां पिटली गेली आहे.

एवढा खटाटोप सामान्य अवस्थेसाठीं कां, हें आतां सांगावयास हवें. कूपर यांनीं १९५६ सालीं इलेक्ट्रॉनांची जोडी कां जमते हें दाखविलें तेव्हां त्यांनीं आरंभ केला तो शांत, ओळखीच्या, अखंड किनाऱ्याच्या समुद्रापासून. समुद्र माहीत होता म्हणून त्यांतील लाटेचें गणित करतां आलें. याचें फळ अलीकडे फार ठळकपणें दिसलें आहे. गंधक व हायड्रोजन यांच्या संयुगास प्रचंड दाबाखालीं उच्च उष्णतामानांत अतिवाहकता येईल असें २०१४ सालीं गणितानें आधीं सांगितलें, आणि २०१५ मध्यें जर्मनींतील माइन्झ येथें ती २०३ अंशांवर मिळाली. लँथॅनम व हायड्रोजन यांच्या बाबतींतहि तसेंच झालें. आधीं आंकडा, मग पदार्थ, सुमारें २५० अंशांचा. मात्र हे पदार्थ वातावरणाच्या दहा लाख पटींहून अधिक दाबाखालीं, हिऱ्यांच्या चिमटींतच तसे राहतात. तार ओढण्यास त्यांचा उपयोग नाहीं. नेहमींच्या दाबाखालीं काम देणारे क्युप्रेटच. आणि त्यांच्यांत एकहि पदार्थ गणितानें आधीं सांगितलेला नाहीं. १९९३ सालीं पारा घातलेल्या क्युप्रेटानें १३३ अंशांच्या पलीकडे मजल मारली ती भट्टींतील चिकाटीनें, आणि पुढें कित्येक वर्षें आंकडा तेथेंच राहिला. खापरीचा घाट बदला, परमाणु बदला, भाजून पाहा, हीच रीत. वीजघरापासून घरापर्यंत नासाडीवांचून वीज यावी ही इच्छा खरी करावयाची तर भट्टीच्या आधीं कागदावर कांहीं ठरवितां आलें पाहिजे, आणि कागदाची पहिलीच ओळ, ‘सामान्य अवस्था अमुक आहे असें धरूं,’ ही अद्यापि लिहितां आलेली नाहीं.

हिशेब करणाऱ्यांची अडचण खरी आहे. पंगतीचा नियम सांगण्यास दोन वाक्यें पुरतात. हबर्ड यांनीं १९६३ मध्यें तो सूत्रांतहि बांधला. परंतु कांहीं डझन पाट झाले कीं सर्वांत मोठें गणकयंत्रहि थकतें, कारण प्रत्येक माणसाचें वागणें इतर सर्वांच्या वागण्यांत गुंतलेलें असतें. म्हणून प्रिन्स्टन येथील एका गटानें निराळीच युक्ति केली. त्यांनीं लेसरच्या किरणांचें चौकोनी जाळें विणलें, त्यांत लिथियमचे अति थंड परमाणु पाटावर माणसें बसवावीं तसे बसविले, आणि इलेक्ट्रॉनांचें काम त्यांच्याकडून करवून घेतलें. त्यांत तांबें नाहीं, ऑक्सिजन नाहीं, आणि थरथरणारें जाळेंहि नाहीं, कारण प्रकाशाचें जाळें थरथरत नाहीं. परमाणूंची गर्दी जागोजागीं दाट करून ती कशी पसरते हें त्यांनीं मोजलें आणि त्यावरून रोध काढला. २०१९ सालीं तें प्रसिद्ध झालें. रोध उष्णतामानाबरोबर सरळ रेषेंत वाढत होता, आणि ती रेषा येथेंहि आपली मर्यादा ओलांडून गेली होती. फक्त, पंगतीच्या मापानें पाहिलें तर हे परमाणु अजून फार उष्ण आहेत. क्युप्रेट ज्या थंडींत अतिवाहक होतात तितकी थंडी त्या प्रकाशाच्या जाळ्यांत अद्यापि उतरविण्याची आहे.